वॉर्ड कुणाचा?

२०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक दाखल होऊ लागले. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारली जात होती आणि पंपाचा फवारा वाऱ्यासरशी फवारणाऱ्याच्याच तोंडावर येत होता. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो अत्यवस्थ झाली. पुढे विशेष तपास पथक नेमलं गेलं; कंपन्या, कृषिकेंद्रं, खातं, बियाणं या सगळ्यांवर भरपूर लिहिलं गेलं. वॉर्डात त्या रात्री कोण उभं होतं, यावर मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. म्हणून या प्रकरणाची सुरुवात तिथून.

ऑर्गनोफॉस्फेट गटातलं विष अंगात गेलं की मज्जातंतूंचा निरोप वेळेवर थांबवणारं विकर बंद पडतं. मग शरीरातले सगळे नळ एकदम उघडतात: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत घुरघुर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते. उतारा जुनाच आहे, ॲट्रोपिन. पण त्याचा एकूण डोस आधीपासून ठरलेला नसतो, तो रुग्णाचं शरीर ठरवतं. छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचा आणि नंतर ड्रिप लावायची. आपल्याकडच्या नेहमीच्या ॲम्प्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन असतं, म्हणजे मोठा डोस द्यायचा तर एकेका वेळी पंधरा-वीस ॲम्प्युलच्या माना मोडायच्या. बोटांना काचेच्या चिरा पडतात. औषध कमी पडलं तर रुग्ण स्वतःच्याच फुप्फुसातल्या पाण्यात बुडतो. जास्त झालं तर तो बरळू लागतो, सलाईन उपटून पलंगावरून उतरतो, ताप चढतो, पोट फुगतं, लघवी अडते. या दोहोंमधली रेषा तासातासाला सरकते. बगल कोरडी आहे की ओली, बाहुली केवढी, नाडी किती, पोटात गुडगुड ऐकू येते का, हे पुन्हा पुन्हा बघून तक्त्यावर लिहावं लागतं.

आणि तिसऱ्या दिवशी आणखी एक फसवा प्रकार घडू शकतो. रुग्ण शुद्धीवर आलेला असतो, बोलतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. विष घेतल्यानंतरच्या २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू असे लुळे पडू लागतात. वेळीच ओळखलं नाही तर काही तासांत श्वास थांबतो. हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. चादर सरळ करताना, पाणी पाजताना ‘दादा, मान वर करा’ म्हणणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी बहुतेक वेळा सिस्टर असते. मोठे डॉक्टर राउंडपुरते येतात, रेसिडेंट कॅज्युअल्टीत अडकलेला असतो. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात ज्यांनी नातेवाइकासाठी एक रात्र काढली आहे, त्यांना तो निकष वाचून हसावं की रडावं कळणार नाही.

मान उचलली जात नाही, हे तिने पाहिलं. पुढे काय? ‘याला श्वासाचा त्रास होणार, व्हेंटिलेटर तयार ठेवा,’ असं ती म्हणत नाही. ती म्हणते, ‘सर, सात नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये, बघून घेता का?’ सर येतात, बघतात, निदान करतात. केसपेपरवर निदान सरांच्या अक्षरात येतं. लेनर्ड स्टाइन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६७ मध्ये या प्रकाराला ‘डॉक्टर-नर्सचा खेळ’ असं नाव दिलं. नियम सोपे आहेत. नर्सने सल्ला द्यायचा, पण तो सल्ला वाटता कामा नये. डॉक्टरने सल्ला घ्यायचा, पण मागितला असं दिसता कामा नये. दोघांनी नीट खेळलं तर रुग्ण वाचतो आणि उतरंडही शाबूत राहते. १९९० मध्ये स्टाइन यांनीच सहकाऱ्यांसोबत पुन्हा लिहिलं की अमेरिकेतल्या नर्सेसनी आता या खेळातून अंग काढून घेतलंय. आपल्याकडे तो अजून रंगात आहे. नवा इंटर्न वॉर्डात येतो तेव्हा त्याला शीर सापडत नाही. इंचार्ज सिस्टर त्याचा हात धरून सुई कुठे टोचायची ते दाखवते. वर्षा-दोन वर्षांनी तोच रेसिडेंट होऊन येतो, आणि पंचवीस वर्षं नोकरी झालेली ती बाई त्याला ‘सर’ म्हणत राउंडला मागे उभी राहते. तो तिला ‘सिस्टर’ म्हणतो. गंमत म्हणजे दोघांनाही यात काही वावगं वाटत नाही.

ही घडी कशी बसली, ते समजायला जरा मागे जावं लागतं. मुंबईत बायकांसाठीचं कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत परिचर्येचं शिक्षण घ्यायला मुंबईत आल्या. प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव सांगितलं जातं. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू झालं आणि रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंगचं शिक्षण मिळावं म्हणून खटपट केली. त्यात विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. ज्या समाजात परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं, मलमूत्र उपसणं हे बाईपणाला आणि जातीलाही बट्टा लावणारं मानलं जात होतं, तिथे या कामाला सुरुवातीला अशाच बायका मिळाल्या ज्यांना गमवायला फार काही उरलं नव्हतं. मिशनच्या रुग्णालयांतून ख्रिस्ती मुली आल्या, पुढे केरळातून आल्या. ज्यांच्या मागे गावातलं घराणं नाही, जातीचं बळ नाही, पैसा नाही, अशा बायकांनी हा पेशा उभा केला. पलीकडे डॉक्टरकी मात्र सुखवस्तू घरातल्या मुलग्यांकडे गेली. वॉर्डातल्या उतरंडीत आजही जे दिसतं त्यातलं निम्मं वैद्यकशास्त्राचं नाही, या सामाजिक वाटपाचं आहे.

आकडेही बोलतात. भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि नर्सेस सुमारे ७,०००. जगात बहुतेक ठिकाणी डॉक्टरांपेक्षा नर्सेस कितीतरी जास्त असतात. आपल्याकडे गणित उलटं होतं. स्वातंत्र्यानंतर संख्या वाढली, शिक्षणही वाढलं. एएनएम, जीएनएम, बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी सगळं आलं. शिडी मात्र तेवढीच राहिली: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. तिथे जिना संपतो. त्यावरचे वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, अधिष्ठाता, संचालक हे सगळे डॉक्टर. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीने १९८९ मध्येच परिचर्येसाठी स्वतंत्र प्रशासकीय रचना हवी असं सुचवलं होतं. महाराष्ट्रातली परिचर्या संचालनालयाची मागणीही जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचा हिशोब मांडला: आरोग्यसेवेतल्या मनुष्यबळात बायका ७० टक्के, वरच्या पदांवर फक्त २५ टक्के.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण परिचारिकांवर लिहिताना त्यांना सोसणाऱ्या देवी करून टाकण्याची आपल्याला सवय आहे. वॉर्डात सत्ता असते आणि ती नर्सकडेही असते. लेबर रूममध्ये ती उघडी दिसते. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातल्या एखाद्या पोडावरून आलेली कोलाम बाई कळा देताना ओरडली की तिच्यावर जे खेकसलं जातं, ते खेकसणारा आवाजही बहुतेक वेळा बाईचाच असतो. नातेवाइक ‘सिस्टर, डॉक्टरले बोलवा न’ म्हणत चार वेळा टेबलाशी येतो आणि पाचव्यांदा झिडकारला जातो. ज्याला वर बोलता येत नाही तो खाली बोलतो, हे खरं, पण त्या कोलाम बाईला या स्पष्टीकरणाचा उपयोग काय? कायम नोकरीतली सिस्टर कंत्राटी सिस्टरवर, सिस्टर विद्यार्थिनीवर, विद्यार्थिनी मावशींवर, अशी ती साखळी उतरत जाते.

पण या साखळीत लिंगभावाचा एक चमत्कारिक दुवा आहे. खालच्या पायरीवर पुरुष असला की परिचारिकेचा पेशातला अधिकार अचानक लटका पडतो. त्याचं सगळ्यात भीषण उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातलं आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानभाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. प्रयोगासाठी ठेवलेल्या कुत्र्यांचं खाणं तो चोरतो, असा तिचा संशय होता. तिने त्याला फटकारलं होतं, तक्रारीची ताकीद दिली होती, असं या प्रकरणाबद्दल सांगितलं जातं. म्हणजे ती आपलं काम करत होती. वरिष्ठ म्हणून जे बोलायला हवं ते बोलली आणि त्याची फेड तिच्या बाईपणावर घेतली गेली. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही.

अरुणा त्यानंतर ४२ वर्षं त्याच रुग्णालयात निपचित पडून होत्या, १८ मे २०१५ पर्यंत. केईएमच्या परिचारिकांच्या कित्येक तुकड्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्याने घरी अंथरुणावरचं माणूस सांभाळलंय त्यालाच समजेल. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने याचिकाकर्त्या लेखिकेला त्यांची निकटची हितचिंतक मानलं नाही. तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांचं म्हणणं ऐकून परवानगी नाकारली. निकाल योग्य होता का, यावर वाद घालता येईल. मला त्यातली दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. अंग पुसणाऱ्या, भरवणाऱ्या माणसांच्या मताला देशातल्या सर्वोच्च न्यायासनाने जीवन-मरणाच्या प्रश्नात वजन दिलं. त्याच माणसांना रोजच्या वॉर्डात एक साधी गोळी बदलायची तर सही दुसऱ्याची लागते.

सही नसली तरी दोष मात्र चुकत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सकांपासून खालपर्यंत निलंबन आणि सेवासमाप्ती झाली, पण पुढच्या महिन्यात पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण दगावले. सुरुवातीला अटक झाली एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना, आणि त्या चौघीही बायका होत्या. वायरिंग कुणी केलं, अग्निशमनाची तपासणी कुणी रोखून धरली, निधीची फाईल कुठे पडून होती, हे प्रश्न नंतर सावकाश विचारले गेले. आगीच्या क्षणी खोलीत कोण होतं, हा प्रश्न सोपा होता. त्याचं उत्तर नेहमी ‘सिस्टर’ असंच येतं, कारण चोवीस तास तिथे थांबणं हेच तिचं काम आहे.

यवतमाळ जिल्ह्यातही त्या वर्षी एक प्रकरण देशभर गाजलं. ३१ जानेवारी २०२१ च्या पल्स पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात ठेवलं गेलं आणि ती बरी होऊन घरी गेली. चूक भयंकर होती, तिची पाठराखण कुणी करणार नाही. केंद्रावर हजर असलेल्या तिघांवर कारवाई झाली. त्यांत एक डॉक्टर होता आणि एक आशा. करोनाच्या त्या महिन्यांत प्रत्येक केंद्रावर सॅनिटायझर ठेवायचा आदेश होता, म्हणजे लसीच्या कुपीशेजारी त्याची बाटली आलीच. अशा मांडणीत गफलत होऊ शकते, हे त्या आदेशावर सही करणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं होतं का, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत बसत नाही. उतरंडीत दोष पाण्यासारखा उताराकडे वाहतो.

याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२० मध्ये उलट दिशेचा प्रसंगही घडला होता. जिल्हा प्रशासनाच्या वागणुकीच्या निषेधार्थ वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सामूहिक राजीनामे दिले आणि सरकारला दखल घ्यावी लागली. करोनाच्या ऐन भरात डॉक्टर राजीनामा देऊ शकतात, कारण त्यांना बाहेर दवाखाना टाकता येतो. परिचारिकेला बाहेर काय आहे? तालुक्याच्या गावातलं पंधरा-वीस खाटांचं खाजगी रुग्णालय, जिथे दहावी-बारावी झालेल्या मुलींना डॉक्टर स्वतःच शिकवून घेतात, पांढरा कोट चढवतात आणि ‘सिस्टर’ म्हणतात. शिकलेल्या जीएनएमचा पगार या मुलींच्या पगाराशी स्पर्धा करतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये महिना मिळावा असं सुचवलं. छोट्या गावात त्या शिफारशीची आठवण काढली तर रुग्णालयाचे मालक हसतात. विदर्भात लग्न जमवताना ‘सरकारी नर्स’ला स्थळं धावत येतात आणि खाजगीतल्या नर्सला विचारतात, ‘रात्रपाळी करावी लागते का?’ पगार सगळ्यांना हवा असतो, रात्रपाळी कुणालाच नको.

आता या सगळ्याला उत्तर म्हणून जगात जे पद उभं राहिलं त्याकडे येऊ. नर्स प्रॅक्टिशनर. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. अनुभवी परिचारिकेला आणखी शिकवायचं, मग तिने रुग्ण तपासावा, निदान करावं, ठरावीक औषधं लिहून द्यावीत. तिथल्या खेड्यांत डॉक्टर मिळत नव्हते. आज अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत या परिचारिका डॉक्टरच्या देखरेखीविना काम करतात. ब्रिटनने २००६ मध्ये पात्र परिचारिकांना जवळपास सगळी औषधं स्वतः लिहायची मुभा दिली. दोन्हीकडे डॉक्टरांच्या संघटनांनी आधी विरोधच केला होता.

भारतीय परिचर्या परिषदेनेही अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. केंद्राने २०१८ मध्ये प्रसूतिसेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम जाहीर केला. अभ्यासक्रम झाला, पुस्तकं झाली, परीक्षा झाल्या. पण शिकून आलेल्या मुलीने रुग्णालयात कोणत्या पदावर बसायचं? सरकारी आस्थापनेत पद निर्माण झाल्याशिवाय पदवीला अर्थ नसतो, आणि पदनिर्मितीची फाईल जिथून जाते त्या प्रत्येक टेबलावर डॉक्टर किंवा सनदी अधिकारी बसलेला असतो. अतिदक्षतेचं एवढं शिक्षण घेतलेली बाई पुन्हा अधिपरिचारिकेच्याच ड्युटी चार्टवर येते.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमाने ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ म्हणून मर्यादित परवाना देण्याची वाट उघडली. भारतीय वैद्यकीय संघटनेने ३१ जुलै २०१९ ला देशभर काम बंद ठेवलं. त्यांचा आक्षेप होता की याने भोंदूगिरीला कायद्याचं कवच मिळेल. आक्षेपात तथ्य अजिबात नाही असं नाही. अर्धवट शिकलेल्याच्या हातात प्रतिजैविकं देण्याचे परिणाम आपण गावोगाव बघतो. पण हा आक्षेप घेणाऱ्यांच्याच दवाखान्यांत बारावी झालेल्या मुली इंजेक्शनं देत असतात, हेही तितकंच खरं.

गावपातळीवर आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्राचं आरोग्यवर्धिनी केंद्र झालं आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आला. आरोग्यसेविका आणि डॉक्टर यांच्या मधली ही पायरी. केंद्राच्या कल्पनेत या पदावर बीएस्सी नर्सिंग झालेले आणि आयुर्वेद पदवीधर, दोघंही येऊ शकत होते. देशातल्या अनेक राज्यांनी मुख्यतः परिचारिका घेतल्या. महाराष्ट्राने सुरुवातीला भर दिला तो बीएएमएस झालेल्यांवर, नर्सिंगवाल्यांना दार नंतर उघडलं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, महिना २५ हजार मानधन आणि कामगिरीवर १५ हजारांपर्यंत. या निवडीमागे सोय होती: आपल्याकडे आयुर्वेद महाविद्यालयं उदंड आणि पदवीधर बेकार. पण राळेगाव किंवा केळापूर तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात त्याचा अर्थ काय झाला? आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असतं. तिथली आरोग्यसेविका वीस वर्षं त्याच पाड्यांवर फिरलेली. कोणाच्या घरी कुष्ठरोग लपवलाय, कोणती सून माहेरी जाऊन बाळंत होणार, हे तिला तोंडपाठ. तिच्या डोक्यावर पंचविशीतले ‘डॉक्टर’ आले. बीएएमएस झालेल्यांत मुलीही पुष्कळ असतात, त्यामुळे ही सरळ बाई-पुरुषाची गोष्ट नाही. वगळला गेला तो बायकांचा म्हणून ओळखला जाणारा पेशा. गावानेही नव्या माणसाला लगेच डॉक्टर म्हटलं आणि जुनीला ‘नर्सबाई’च ठेवलं. रक्तदाबाचं औषध डॉक्टरने सुरू केलेलं, तेच पुढे चालू ठेवायचं, एवढाच अधिकार समुदाय आरोग्य अधिकाऱ्यालाही असतो. तेवढं काम त्या आरोग्यसेविकेला शिकवता आलं नसतं का?

आलं असतं, याचा पुरावा दूर नाही. विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. रक्तात जंतू पसरल्याची लक्षणं ओळखायची आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, हेही शिकवलं. ३९ गावांत प्रयोग, ४७ गावं तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आलं आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. गावातली बाई बाळाला इंजेक्शन देणार म्हणून ज्यांच्या भुवया उंचावल्या होत्या, त्यांना आकडे खोडून काढता आले नाहीत.

दुसरा पुरावा पैनगंगेच्या पलीकडे आहे. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा ओलांडली की तेलंगणा लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिथली ६०.७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. महाराष्ट्रात हा आकडा २५.४ होता. या राज्याने २०१७ मध्येच हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या मदतीने सरकारी परिचारिकांना दीड वर्षाचं मिडवाइफचं शिक्षण द्यायला सुरुवात केली होती आणि शिकून झाल्यावर त्यांना सरकारी रुग्णालयांत बाळंतपणं करायला बसवलं. तिथल्या सरकारला हे स्त्रीवादाच्या प्रेमाने सुचलं असं मला वाटत नाही. सिझेरियनचं प्रमाण हाताबाहेर गेलं होतं आणि दुसरा उपाय दिसत नव्हता. परिचारिकेला अधिकार मिळतो तो बहुधा असाच, डॉक्टर कमी पडले किंवा डॉक्टरांचं काम जास्त झालं की.

पुरुष परिचारकांबद्दल थोडक्यात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये दाखवलं की बायकांच्या पेशात गेलेला पुरुष अडत नाही, उलट न दिसणाऱ्या सरकत्या जिन्यावरून वर जातो. २०१५ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या पुरुष परिचारकांचा पगार, बाकी सगळं सारखं धरूनही, वर्षाला सरासरी ५,१४८ डॉलरने जास्त निघाला. आपल्याकडे चित्र जरा वेगळं आहे. ‘ब्रदर’ना भरतीत वाटा कमी, एम्ससारख्या संस्थेने २०१९ मध्ये बायकांना ८० टक्के आणि पुरुषांना २० टक्के असं सूत्र ठरवलं तेव्हा पुरुष परिचारकांनी ते अन्यायकारक म्हणून आंदोलन केलं. पण वॉर्डात रुग्ण ब्रदरला बिनदिक्कत ‘डॉक्टर’ म्हणतो आणि डॉक्टर झालेल्या मुलीला ‘सिस्टर’. दोघांनाही ते दुरुस्त करण्याचा कंटाळा येतो.

मे २०२२ च्या शेवटी महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका राज्यभर संपावर गेल्या. बाह्यस्रोतातून कंत्राटी भरती नको, ही मुख्य मागणी. जुलै २०२५ मध्ये पुन्हा संप झाला. वेतनातल्या त्रुटी आणि कंत्राटीकरण हेच विषय. निदान करण्याचा, औषध लिहिण्याचा अधिकार द्या, ही मागणी दोन्ही वेळा अग्रभागी नव्हती. संघटनांना दूरदृष्टी नाही असं यावरून म्हणणं सोपं आहे. मला त्यात शहाणपण दिसतं. अधिकाराबरोबर जबाबदारी येते, आणि भंडारा-नगरनंतर कुठल्याही परिचारिकेला ठाऊक आहे की कंत्राट अकरा महिन्यांचं असताना घेतलेला निर्णय चुकला तर पाठीशी कुणी नसेल. आधी कायम पद, मग पुरेशी माणसं, मग चुकीपासून कायद्याचं संरक्षण, आणि त्यानंतर औषधाच्या कागदावर स्वतःची सही, हा क्रम त्यांनी बरोबर ओळखला आहे. परिचर्येच्या १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा आला. त्याखाली राज्याचा आयोग बसेल तेव्हा या क्रमातल्या पहिल्या पावलालाही राज्य सरकारच्या वित्त विभागातूनच जावं लागेल.